गुरुवारची कळ

माझी छाती गुरुवारी दुखते. सोमवारी मी जिने चढून गच्चीवर पापड वाळत घालून येते, मंगळवारी मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येते, तेव्हा काही नाही. गुरुवार उजाडला की सकाळचा चहा होईपर्यंत ठीक असतं. मग बरगड्यांच्या मध्ये कुणीतरी आतून मूठ आवळायला लागतं. श्वास गळ्यापर्यंत येतो आणि तिथूनच माघारी वळतो. हाताचे तळवे गार पडतात. दुपार कलली की मूठ सुटते, आणि संध्याकाळी मी खाली बाकावर बसून शेजारणींची उणीदुणी काढायला पुन्हा मोकळी.

वाराचा हा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. तो माझ्या सुनेच्या लक्षात आला. पण ते पुढे.

आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. पिंपरी-भोसरीपासून पार चाकणपर्यंत बहुतेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेच्या वाटणीपायी तसं ठरलं म्हणतात. का ठरलं ते असो, आमचा रविवार गुरुवारी येतो. कंपन्यांच्या बसगाड्या बंद, गेटासमोरच्या चहाच्या टपऱ्या बंद, आणि कॉलनीभर पुरुषमंडळी बनियनवर गॅलरीत उभी, जणू त्यांना कुणी वाळत घातलंय.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून कासारवाडीला आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी माहेराहून गुरुवारचा उपवास घेऊन आले होते. चांगला नवरा मिळावा म्हणून धरला होता, आणि मिळाल्यावर सोडला तर देव काय म्हणेल, म्हणून चालू ठेवला. आता बघा. आठवड्यात एकच दिवस नवरा सबंध घरात, आणि नेमकी त्याच दिवशी बायको उपाशी. घरात कांदा-लसूण बंद, मटणाचं तर नाव नको, आणि बाईसाहेबांचं तोंड दुपारपर्यंत लिंबू पिळल्यासारखं. बाकीच्या महाराष्ट्राला सुट्टीचा रस्सा, आमच्या ह्यांना सुट्टीची साबुदाण्याची खिचडी. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. मला वाटायचं, केवढा सात्त्विक माणूस आपल्या पदरी पडला. खूप वर्षांनी कळलं की बुधवारी शिफ्ट सुटली की हा सात्त्विक माणूस मित्रांबरोबर नाशिक फाट्यावर मटण हाणून, वर बडीशेप चावत घरी यायचा.

त्या वेळची मी आठवली की मला हसू येतं. दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली, सगळं कळतं अशा तोऱ्यातली. शरीरातलं तर तिला विशेष कळायचं. पोट दुखलं की काय खाल्लं ते आठवायचं, डोकं दुखलं की कुठल्या वाऱ्याला बसले ते आठवायचं. आदल्या दिवशी कुणी काय बोललं, हे ती कधीच आठवायची नाही.

ह्यांची कंपनी पिंपरीतून चाकणकडे न्यायची ठरली, तेव्हाची गोष्ट. कुणाला नवीन जागी घेणार आणि कुणाला घरी बसवणार, ते महिनोन् महिने कळेना. हे घरी येऊन काही बोलायचे नाहीत. बूट काढायचे, हातपाय धुवायचे, आणि बातम्या लावून टीव्हीकडे न बघता बसायचे. मीही काही विचारायचे नाही. आमच्याकडे बायकांनी कंपनीतलं विचारू नये अशी पद्धत होती, आणि मला वाटायचं, न विचारणं म्हणजेच धीर देणं.

तर त्या दिवसांत रोज संध्याकाळी, ह्यांची बस यायच्या सुमाराला, माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं. मानेवर, दंडांवर, पोटावर लालबुंद गांधी. खाजवून खाजवून जीव नकोसा. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्यांचं म्हणणं, "पित्त न्हाई ह्ये, नजर हाय कुनाची." त्या मिरच्या-मीठ उतरवायच्या, आणि मी आमसुलाचं पाणी अंगभर चोपडून सोलकढीसारखी दारात उभी. मग मी माझी अक्कल लावली. शोध लावला की हे सगळं वांग्यामुळं आहे. वांगं घरातून हद्दपार केलं. पुढे दोन-तीन महिन्यांत ह्यांना चाकणजवळ महाळुंग्याच्या नव्या शेडमध्ये घेतल्याचं पक्कं झालं, आणि पित्त गेलं ते गेलंच.

मी सगळं श्रेय वांग्याला दिलं. बिल्डिंगमध्ये घरोघर जाऊन सांगून आले की बायांनो, वांगं सोडा. दोघी-तिघींनी सोडलंसुद्धा. पुढे एका लग्नात नकळत भरली वांगी खाल्ली गेली आणि काहीच झालं नाही, तेव्हा मी म्हटलं, ही जात वेगळी असणार. एवढी शहाणी होते मी.

महाळुंग्याला ह्यांनी निवृत्त होईपर्यंत काम केलं. त्यानंतर सगळेच दिवस सुट्टीचे, पण आम्ही गुरुवार मोडला नाही. उलट तोच आमचा खरा दिवस झाला. सकाळी उशिरा उठायचं. ह्यांनी गाडी धुवायची, मग घरातल्या एकेक दुरुस्त्या काढायच्या. अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरात येऊन मला बाहेर काढायचं आणि उपवासाची खिचडी स्वतः करायची. साबुदाणा भिजवण्यात हात कधी बसला नाही. गिचका व्हायचा. मी म्हणायचे, ह्यानं भिंतीला पोस्टर चिकटवता येतील. ते म्हणायचे, खा, पुण्य लागतं. आणि कढईला चिकटलेली खरपुडी उलथन्यानं काढून मला द्यायचे, कारण ती मला आवडायची.

हे गेले ते सोमवारी. हार्टनं गेले, फार वेळ न घेता. मी वार सांगते कारण पुढे जो तो विचारायचा, गुरुवारीच गेले का? नाही. सोमवारी.

माणसं येत राहिली. मी सगळ्यांना चहा करून दिला. कोण बिनसाखरेचा घेतं तेही विचारलं. जाता जाता बायका दारात कुजबुजायच्या की किती खंबीर आहे, आणि ते मला ऐकू यायचं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. बक्षीस मिळाल्यासारखं. मग रडायचं कसं? बक्षीस परत द्यावं लागलं असतं. मी रडले नाही. दिवसकार्य झालं, मुलगा म्हणाला तिकडे चल, मी म्हटलं बघू, आणि राहिले इथंच.

मुलगा, सून आणि नात ताथवड्याला उंच इमारतीत राहतात. घर सुंदर आहे. मला तिथं करमत नाही एवढंच. दोघं सकाळी लॅपटॉप उघडतात, नात कॉलेजला जाते, आणि मी सोफ्यावर पाहुण्यासारखी. लिफ्टमधली माणसं आकड्यांकडे बघत उभी राहतात. एकटेपणा तिकडेही आहे आणि इकडेही आहे, पण इकडचा ओळखीचा आहे. इथं पहाटे बस कुठल्या कंपनीची गेली ते मला हॉर्नवरून कळतं. मी दिसले नाही तर भाजीवाली जिन्याखालून हाक मारते. ह्यांनी ठोकलेले खिळे आहेत. काही वाकडे आहेत, पण आहेत.

पहिल्यांदा कळ आली तेव्हा मी घाबरून मुलाला फोन केला. तो अर्ध्या रस्त्यातून ॲम्ब्युलन्सला फोन करत आला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. वडील असेच गेलेले, आता आई. दवाखान्यात सगळं झालं. ईसीजी, इको, रक्त. मग पट्ट्यावर चालायची ती टेस्ट, जिच्यात आपण चालतो आणि कुठंच पोचत नाही. नातीचे गुलाबी बूट घालून, साडीचा काष्टा मारून मी चालले. तिथली मुलगी म्हणाली, आजी दमलात तर सांगा. मी म्हटलं, बाई, तू दमलीस तर सांग. सगळं नॉर्मल आलं. गॅस असेल म्हणाले.

पुन्हा झालं, पुन्हा नेलं, पुन्हा नॉर्मल. तिसऱ्या वेळी मुलगा गावाला होता म्हणून मी सुनेला फोन केला. ती मीटिंग सोडून आली, सगळं नीट केलं, आणि परतताना गाडीत सहज म्हणाली, "आई, तुम्हाला गुरुवारीच कसं हो होतं दर वेळी?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. हिला वाटतंय मी नाटक करते. हिच्या कामाच्या वारी मुद्दाम. तरुणपणीची मी असते तर तिथंच गाडी थांबवायला लावून उतरले असते आणि कासारवाडीपर्यंत ताठ मानेनं चालत गेले असते. आता गुडघे ताठ आहेत, मान नाही. पण घरी आल्यावर कॅलेंडरकडे बघितलं, आणि पोरीचं खरं होतं.

त्या रविवारी मुलगा आला. जेवण झाल्यावर हात धुऊन समोर बसला आणि म्हणाला, "आई, आता आणखी एकदा असं झालं, तर सामान बांधायचं. मी तुला विचारणार नाही." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मी भांडले असते. मला दिसत होतं की त्याला झोप लागत नाही. फोन वाजला की दचकतो.

म्हणून मी फोन करायचं बंद केलं. दुखायचं, मी पलंगाच्या कडेला बसून राहायचे, दुपार व्हायची वाट बघायचे. रविवारी तो आला की कशी आहेस विचारायचा आणि मी म्हणायचे, मस्त. माझा चेहरा बघून त्याला ते पटायचं. रविवारी मी खरोखरच मस्त असायचे.

आणि या वयातही माझी अक्कल बघा. मी ठरवलं की हे साबुदाण्याचं काम आहे. रिकाम्या पोटी साबुदाणा, वर शेंगदाण्याचं कूट, म्हणजे पित्त होणारच. माहेराहून आणलेला उपवास मी सोडला. देवासमोर हात जोडून सांगितलं की बाबा, तब्येतीचं कारण आहे, समजून घे. त्या गुरुवारी सकाळीच ज्वारीची भाकरी, भाजी, वरण-भात असं भरपेट जेवले. आणि भरल्या पोटी, अगदी वेळेवर, मूठ आवळली गेली. पूर्वी वांगं, आता साबुदाणा. इतकी वर्षं गेली, आळ घ्यायला मला अजून अन्नच सापडतं.

मग मी एकटीच आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ती माझ्या मुलापेक्षा लहान आहे. तिनं आधीचे रिपोर्ट शांतपणे बघितले, स्वतः तपासलं, आणि विचारलं की आजी, गुरुवारी सकाळी तुम्ही काय करता. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, ते काही नाही कसं करता ते सांगा.

मी सांगायला लागले. उशिरा उठते. चहा घेते. झाडांना पाणी घालते. अकरा वाजत आले की स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसते. ती म्हणाली, का? स्वयंपाक करायचा असतो ना? मी म्हटलं, हो, पण गुरुवारी मी... आणि पुढे बोलता येईना. कारण गुरुवारी मी स्वयंपाकघर मोकळं करून देते. कुणीतरी येऊन मला बाहेर काढणार असतं. हे जाऊन दुसरं वर्ष सरत आलं आणि मी दर गुरुवारी ओटा पुसून, बाहेर येऊन, खुर्चीत बसून राहत होते, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, म्हणजे माझ्या मनाचेच खेळ. मला वेड लागलंय म्हणा की सरळ.

ती म्हणाली, "आजी, डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा डोळ्यांना रोग झालेला असतो का? पण पाणी तर खरंच असतं ना? तसंच आहे हे. तुमचं दुखणं खरं आहे."

मग तिनं समजावलं. दुःख आणि धास्ती अंगात कुठंतरी जागा शोधतात. छातीचे स्नायू आवळले जातात, श्वास अर्धाच घेतला जातो, काळीज धावायला लागतं, आणि ते धावतंय म्हणून माणूस आणखी घाबरतं. कुणाचं डोकं धरतं, कुणाचं पोट बिघडतं, कुणाच्या अंगावर पित्त उठतं. हे शेवटचं ऐकून मी खाली बघितलं. वांग्याची माफी मागावी असं वाटलं, पण ते तिला कळलं नसतं. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, हातात-जबड्यात गेलं, घाम सुटला, तर एक क्षण थांबायचं नाही, लगेच दवाखाना, हे तिनं दोनदा बजावलं. आणि नेहमीचंच असेल तेव्हाही एकटं बसायचं नाही, कुणाला तरी सांगायचं.

तेवढंच तर जमत नव्हतं. सांगितलं की सामान बांधायचं. मी डॉक्टरांना ते सांगितलं नाही. औषध लिहून दिलं असतं तर मी आनंदानं घेतलं असतं, कितीही कडू.

पुढचा गुरुवार उजाडला. चहा झाला. त्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. पिठलं करायला घेतलं. पीठ कालवतानाच छाती धरली. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. खाली रस्ता नेहमीसारखा ओस होता. बिल्डिंगमध्ये कुठल्यातरी घरात नवरा-बायको भांडत होते, सुट्टीच्या दिवशी भांडतात तसे, निवांत. मला त्या बाईचा हेवा वाटला. फोन ओट्यावरच होता. मुलाला केला तर तो येईल आणि बॅग काढील. नाही केला तर दुपार होईलच, नेहमी होते. पण त्या दिवशी मला दुपारची वाट बघायचा कंटाळा आला. दुसरा शब्द नाही. कंटाळा आला.

मी सुनेला फोन लावला. तिनं लगेच उचलला, हळू आवाजात.

"आई, मी कॉलवर आहे. काय झालं?"

मी म्हटलं, "गुरुवार."

ती म्हणाली, "निघू मी?"

"नको. नेहमीचंच आहे, नवीन काही नाही. दवाखाना नको. तू फक्त फोन ठेवू नकोस."

"बरं. चालूच ठेवते बाजूला. वेगळं काही वाटलं तर हाक मारा."

मी फोन ओट्यावर उभा करून ठेवला. त्यातून तिच्या बोटांची टकटक येत होती. कुणीतरी साहेब इंग्रजीत लांबलचक बोलत होता, मधूनच माझी सून काहीतरी ठामपणे सांगत होती आणि तो साहेब नरमत होता. मला बरं वाटलं. घरात ती माझ्याशी इतकी हळू बोलते की तिला असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मी गॅस पुन्हा लावला. पिठलं ढवळत राहिले. आणि ढवळता ढवळता, कशानं ते सांगता येणार नाही, मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं साठलेलं, त्यामुळं त्याला काही रीत नव्हती. नाक, डोळे, आवाज, सगळं एकदम. पदरानं तोंड दाबलं तरी आवाज तिकडे पोचलाच, कारण तो साहेब बोलायचा थांबला आणि काहीतरी विचारायला लागला.

सून त्याला म्हणाली, "मेरी सास हैं. आप कंटिन्यू कीजिए."

आणि त्यानं, बिचाऱ्यानं, कंटिन्यू केलं. त्या माणसाच्या आकडेवारीवर मी पोटभर रडून घेतलं.

पुष्कळ वेळानं सून फोनजवळ येऊन म्हणाली, "आई, आहात ना?"

"आहे."

"जेवलात?"

"जेवतेय. पिठलं अळणी झालंय. तुझ्या साहेबानं लक्ष लागू दिलं नाही."

ती हसली. मग म्हणाली की हे ती माझ्या मुलाला सांगणार, लपवणार नाही, आणि त्या दिवशी गाडीत ती बोलली ते मला लागलं का, हेही तिला विचारायचं होतं. ती फक्त वार मोजत होती. तिच्या स्वतःच्या आईचं डोकं असंच ठरावीक दिवशी दुखायचं म्हणे. मी म्हटलं, सांग त्याला. आणि लागलं तर होतंच, पण आता राहू दे.

छाती मोकळी झाली नव्हती. मूठ होती, पण बोटं थोडी सैल होती. हे खोटं सांगून उपयोग नाही, रडलं की सगळं जातं असं काही नाही.

संध्याकाळी मुलगा आला. खांद्यावरची बॅगही न उतरवता दारात उभा राहिला. मी म्हटलं, सामान कुठल्या बॅगेत भरू ते सांग. तो आत आला, स्वयंपाकघरात गेला, गार झालेलं पिठलं उभ्यानंच भाकरीशी खाल्लं. मग म्हणाला, "रविवारी मी विचारायचो तेव्हा मस्त म्हणायचीस."

"रविवारी मस्तच असते मी."

त्यावर तो ओट्यावरून हात फिरवत राहिला. त्या ओट्यापाशी बापाची कुठलीतरी आठवण होती आणि ती त्याला माझ्याशी बोलता येत नव्हती, असं मला वाटलं. मी विचारलं नाही, आणि मग माझी मलाच चूक कळली, म्हणून विचारलं. तो म्हणाला, बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात कामाच्या नादात त्यांना फोन करायचं राहून गेलं. एवढंच म्हणाला. त्याच्याही छातीत काहीतरी आहे. त्यालाही ते कुठल्या वारी येत असेल.

जाताना चपला घालत म्हणाला, तिकडे यायचं आत्ता राहू दे, पण गुरुवारी फोन करायचा, दुखो न दुखो. मी हो म्हटलं. गॅलरीतून त्याची गाडी वळेपर्यंत बघितलं. घर मागे तसंच होतं, जरा जास्तच आवरलेलं.

पुढच्या गुरुवारी दुखलं. मी सुनेला फोन लावला. एंगेज लागला. मुलाला लावला, तोही एंगेज. बहुतेक ती दोघं एकमेकांनाच लावत असावीत. मी खुर्ची स्वयंपाकघरात ओढून घेतली, जरा थांबले, आणि पुन्हा लावला.